विवाल्डीचा ए मायनर कॉन्चेर्टो: बोटांच्या आधी बेस ऐका

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं चाललंय ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही सांगलीत राहता, गुरुजींकडे हिंदुस्थानी व्हायोलिन शिकून मध्यमा परीक्षा केली आहे आणि आता विवाल्डीचा ए मायनर कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीने एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेली रचना, वाजवायचं मनावर घेतलं आहे. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, येत नाही. तेव्हा सरगम लिहून घेऊन, मांडी घालूनच, तारा नेहमीसारख्या जुळवून तो वाजवता येईल का, किती महिने लागतील आणि रागदारीचा हात बिघडेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी मिरजेत दोन्ही पद्धतींचं व्हायोलिन शिकवतो. रागदारीकडून या रचनेकडे वळणारे विद्यार्थी माझ्याकडे येत असतात आणि जवळजवळ सगळ्यांचे पहिले प्रश्न डाव्या हाताचे असतात. बोट कुठे ठेवायचं, वेग किती, वरच्या सुरांपर्यंत कसं जायचं. मध्यमा झालेल्या माणसाची बोटं या रचनेसाठी बऱ्यापैकी तयार असतात. सूर लिहून दिले तर पहिलं पान तुम्ही पंधरा-वीस दिवसांत वाजवायला लागाल. आणि तरीही ते विवाल्डीसारखं वाटणार नाही. का वाटत नाही, हा तुमच्या प्रश्नातला खरा प्रश्न आहे असं मला वाटतं, म्हणून उत्तराचा मोठा भाग त्यालाच देतो.

हा कॉन्चेर्टो म्हणजे १७११ साली अ‍ॅम्स्टरडॅममध्ये छापून निघालेल्या बारा कॉन्चेर्टोंच्या संचातला सहावा; विवाल्डीच्या रचनांच्या सूचीत त्याचा क्रमांक आरव्ही ३५६. विवाल्डी तेव्हा व्हेनिसच्या पिएता या अनाथाश्रमाशी जोडलेला होता. तिथल्या मुलींना तो व्हायोलिन शिकवायचा आणि त्यांच्या वाद्यवृंदासाठी रचना करायचा. यात तीन भाग आहेत: पहिला जलद, मधला संथ लार्गो, शेवटचा प्रेस्टो, म्हणजे अतिजलद. याच संचातल्या काही रचना पुढे जर्मन संगीतकार बाखने ऑर्गनसाठी आणि हार्पसिकॉर्ड या पियानोआधीच्या कळवाद्यासाठी मांडल्या. व्हायोलिन काढून घेतलं तरी त्या उभ्या राहिल्या, कारण त्यांचा पाया खाली चाललेल्या बेसमध्ये, म्हणजे सर्वांत खालच्या सुरांच्या ओळीत, आहे. चेलो आणि हार्पसिकॉर्ड तो बेस धरून असतात आणि व्हायोलिनचा प्रत्येक सूर त्यावर टेकलेला असतो.

आता तुमची अडचण बघा. तुमचा कान तंबोऱ्यावर तयार झालाय. षड्ज हलत नाही, आणि कोणताही सूर लावताना तुम्ही नकळत त्याच षड्जाशी त्याचं नातं तपासता. इथे बेस एका जागी थांबत नाही. ए मायनर म्हणजे आपल्या भाषेत पांढरी सहाचा सा धरून आसावरी थाट, आणि शेवटाकडे येताना शुद्ध निषाद. पहिल्या आठवड्यात हा हिशोब उपयोगी पडतो. पुढे तोच आड येतो. रचना मध्येच सी मेजरकडे जाते तेव्हा तुमचा कोमल गंधार स्वतःच षड्ज होऊन बसतो. पण तुम्ही तो अजून कोमल गंधार म्हणूनच लावत असता.

माझ्याकडे तासगावहून एक विद्यार्थिनी येते. रागदारी चांगली वाजवते, दरबारी तर फारच छान. पहिल्या भागातली एक जागा तिला सारखी बेसुरी वाटायची आणि ती मोबाइलवर तंबोरा लावून तीच जागा घोटत बसायची. मी बघितलं तर तिचा ए तारेवरचा सी दरबारीतल्या गंधारासारखा किंचित खाली झुकलेला होता, आंदोलनाची सवय बोटात होती. मी तिला काहीच सांगितलं नाही. तंबोरा बंद केला आणि पेटीवर खालचा सी दाबून धरला. तिने पुन्हा तोच सूर लावला, कपाळाला आठी पडली आणि तिचं दुसरं बोट आपोआप केसभर वर सरकलं. मग लगेच बेस बदलून ए लावला आणि तोच सी परत वाजवायला सांगितलं. आता तो तिला वेगळा ऐकू आला, उदास, पण स्थिर. एका सुराचे हे दोन चेहरे तिला त्या दिवशी कळले, आणि तंबोरा लावून कितीही महिने घोटलं असतं तरी ते कळले नसते.

म्हणून माझा पहिला सल्ला: रचनेला हात लावण्याआधी एक पेटीवाला मित्र शोधा. सांगली-मिरजेत ही सोय भरपूर आहे, पेटी न वाजवणारा माणूस शोधायलाच जास्त वेळ लागेल. नाटकाच्या संगीतात वाजणारी पायपेटी कुणाकडे असेल तर फारच उत्तम. तिचा लांब, सलग स्वर बेससाठी अगदी योग्य पडतो आणि वाजवणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहतात. त्याला एवढेच सूर लिहून द्या: ए, डी, जी, सी, एफ, बी, ई, ए. पांढरी सहाचा सा धरून सरगमीत म्हणायचं तर सा, मध्यम, कोमल निषाद, कोमल गंधार, कोमल धैवत, शुद्ध रिषभ, पंचम आणि परत सा. प्रत्येक सूर त्याने दोन मात्रा धरायचा. विवाल्डीच्या रचनांत बेसची ही साखळी पुन्हा पुन्हा भेटते.

तुम्ही त्या प्रत्येक सुरावर चार-चार सुरांचा तुकडा दोनदा वाजवायचा. ए वर ए-सी-ई-सी, डी वर डी-एफ-ए-एफ, जी वर जी-बी-डी-बी, सी वर सी-ई-जी-ई, एफ वर एफ-ए-सी-ए, बी वर बी-डी-एफ-डी. आकार एकच, जागा बदलत जाते, म्हणजे तुमच्या ओळखीचा पलटाच. मात्र ई वर आलात की जी चढवून जी शार्प करायचा: ई-जी शार्प-बी-जी शार्प. बेसमध्ये ई आला की हा चढलेला सूर पुढच्या ए कडे ओढ घेतो, आणि ही ओढ बेसशिवाय ऐकूच येत नाही. हा सराव मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याकडून रचनेआधी करून घेतो. कंटाळवाणा अजिबात नाही, उलट सोडवत नाही.

रचनेचा आराखडाही यामुळे उलगडतो. सुरुवातीला सगळा वाद्यवृंद जो ठसठशीत तुकडा वाजवतो तो पुढे पुन्हा पुन्हा येतो, कधी अख्खा, कधी अर्धा, आणि मधल्या जागांत एकटं व्हायोलिन धावतं. तुम्ही याला मुखडा म्हणाल आणि ते बरोबरही आहे. फक्त हा मुखडा दर वेळी त्याच घरात परत येतो असं नाही. कुठे मेजर, कुठे मायनर, कुठे पाचव्या सुरावर. तो कुठल्या घरात आलाय हे बेस सांगतो.

दुसरी मोठी गोष्ट उजव्या हाताची. हिंदुस्थानी व्हायोलिनचं ध्येय गळ्याजवळ जाणं. औंधच्या संगीत महोत्सवाशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलंय ते गजाननबुवा जोशी गायकही होते आणि व्हायोलिनवादकही. त्या परंपरेत वाढलेल्या हाताला गज कुठे उलटला ते कळू न देण्याची शिकवण असते. एका गजात मींड, मुरकी, पूर्ण ओळ. विवाल्डीच्या जलद भागात याच्या उलट हवं. तिथे गजाची उलटापालट ऐकू यायला हवी, कारण मात्रांचं वजन त्यातूनच दिसतं. मोझार्टचे वडील लिओपोल्ड मोझार्ट यांनी १७५६ साली छापलेल्या व्हायोलिनच्या पुस्तकात हा नियम घालूनच दिला आहे की आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर गज खाली ओढायचा. खाली ओढलेला गज हाताच्या वजनामुळे आपसूक जड पडतो, वर ढकललेला हलका. हा जड-हलका भेदच या संगीताचा ठेका आहे, तबला नसताना.

शिवाय त्या काळचा गज आजच्यासारखा नव्हता. टोकाकडे हलका, दांडी आत नव्हे तर बाहेर किंचित फुगलेली. आजचा आत वाकलेला गज अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या तूर्त नावाच्या गज बनवणाऱ्या कारागिराने रूढ केला. जुन्या गजावर प्रत्येक सूर निघाला की आपोआप बारीक होत जायचा. आपल्याकडचा आधुनिक गज टोकापर्यंत सारखा आवाज देतो, तेव्हा तो बारकावा हाताने आणावा लागतो. एक साधा उपाय करून बघा: गज फ्रॉगपाशी, म्हणजे मुठीकडच्या ठोकळ्यापाशी, न धरता दोन बोटं पुढे, दांडीवर धरा. टोक लगेच हलकं वाटेल आणि सूर कसा सुटायला हवा ते हाताला कळेल. महिनाभरात मग नेहमीच्या पकडीवर या.

सराव मोकळ्या ए तारेवर करा, डावा हात खाली सोडून. मेट्रोनोम ६० वर, एका ठोक्याला दोन सूर, गजाच्या मध्यावर चार बोटं रुंदीएवढीच हालचाल, कोपरातून. प्रत्येक सुराची सुरुवात स्पष्ट, शेवट मोकळा, पुढच्या सुराआधी श्वासाएवढी जागा. मग एका ठोक्याला चार, हालचाल निम्मी. दोन तारांमध्ये गज झुलवायच्या जागा या रचनेत आहेत, तिथे खांदा उचलू नका. कोपर दोन्ही तारांच्या मधल्या उंचीवर स्थिर ठेवा आणि मनगटाने तार बदला. ६० वर हे स्वच्छ जमल्याशिवाय ६६ वर जाऊ नये. शेवटी पहिला भाग ९० च्या आसपास वाजला तरी तो पूर्ण जिवंत वाटतो. रेकॉर्डिंगमधल्या वेगाच्या मागे लागू नका.

इथवर कान आणि गज झाले. आता तुमच्या परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी.

तारा. तुम्ही सा-प-सा-प जुळवता की प-सा-प-सा, ते लिहिलेलं नाही. कुठलीही असो, तिच्यात काही शेजारच्या तारांतलं अंतर पंचमाचं नसतं, आणि इथे जी-डी-ए-ई अशा चारही तारा पंचमाच्या अंतराने हव्यात. हा कॉन्चेर्टो मोकळ्या ए आणि ई तारांवर आधारून लिहिलेला आहे, त्यामुळे नेहमीच्या जुळवणीत तो ओढूनताणून बसवण्यात अर्थ नाही. पण आत्ताच्याच तारा पिळून ई पर्यंत नेऊ नका, तुटेल आणि डोळ्यालाही धोका. जी-डी-ए-ई चा पूर्ण संच नवा घ्या, एकेक तार बदला आणि चढवताना दर थोड्या वेळाने घोडीकडे, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी तुकड्याकडे, बघा. तिचा माथा खुंट्यांच्या बाजूला झुकायला लागतो, तो हलक्या हाताने सरळ करत राहा.

घोडीबद्दल आणखी एक. काही हिंदुस्थानी वादक घोडीचा माथा सपाट करून घेतात. तशी असेल तर जलद वाजवताना गज शेजारच्या तारेला लागणारच, कितीही रियाज करा. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कसबी हात आहेत, पण सतारीची जवारी, म्हणजे तिच्या घोडीचा माथा घासून आवाज जुळवणं, आणि व्हायोलिनच्या घोडीचा बाक ही दोन वेगळी कामं. नवी घोडी तासून घ्यायची असेल तर नीट बाक असलेलं एक व्हायोलिन नमुन्याला सोबत न्या.

व्हायोलिन एकच असेल तर रोज जुळवणी बदलत बसू नका, तारा आणि घोडी दोन्ही बिथरतात. पाश्चात्त्य जुळवणीच काही महिने ठेवा आणि डी ला, म्हणजे पांढरी दोनला, सा मानून रागाचा रियाज करा. मग तारा खालून वर मंद्र मध्यम, सा, पंचम, तार रिषभ अशा मिळतात. थोडे दिवस अवघड वाटेल, पण चालतं. परवडत असेल तर दुसरं साधं व्हायोलिन घेणं सर्वांत चांगलं.

बैठक. मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवून बसलं की वाद्य पाय धरतो आणि डावा हात सरकायला पूर्ण मोकळा राहतो. मींडेसाठी ती बैठक अप्रतिम आहे. पण त्या बैठकीत गजाचा कोन बदलतो, हाताचं वजन तारेवर वेगळं पडतं, आणि वर सांगितलेला जड-हलका भेद काढायला जोर लावावा लागतो. म्हणून मी उभं राहून शिकवतो. मान किंवा पाठ दुखत असेल तर बिनहाताच्या खुर्चीत कडेला बसा. व्हायोलिनखाली खांद्यावर टेकणारी, बेताच्या उंचीची शोल्डर रेस्ट घ्या. हनुवटीने वाद्य आवळू नका, डोकं फक्त टेकवा. पहिले दीड-दोन महिने यातच जातील, त्यात घाई करू नका.

नोटेशन. सरगम लिहून घेऊन सूर कळतील, पण एकाच वेळी वर व्हायोलिन आणि खाली बेस काय करतोय ते सरगमीच्या ओळीत दिसत नाही. स्टाफवर ते एका नजरेत दिसतं. तुम्हाला सगळं शिकायची गरज नाही. पहिल्या पोझिशनमधले, म्हणजे डावा हात खुंट्यांजवळ ठेवून लागणारे, सूर आणि चार प्रकारच्या मात्रा एवढ्यावर सुरुवात करा, रोज पंधरा मिनिटं दिलीत तर महिना-दीड महिन्यात डोळा सरावतो. एफ नॅचरलकडे विशेष लक्ष द्या: ई तारेवर पहिलं बोट अगदी खुंट्यांकडच्या टोकाला, नटजवळ पडतं, आणि बहुतेकांचं तिथे वरच राहतं. पेटीवाल्या मित्राला मात्र सरगम द्यायला हरकत नाही, फक्त शेवटपर्यंत ए हाच सा ठेवून लिहा, मध्ये सा बदलू नका, नाहीतर दोघांचा गोंधळ होईल.

प्रत कोणती? व्हायोलिन शिकवण्याच्या सुझुकी पद्धतीच्या चौथ्या पुस्तकात पहिला आणि तिसरा भाग आहे, आणि बहुतेक शिक्षक तीच प्रत देतात. ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या तिवादार नाचेझ यांच्या आवृत्तीवर आधारलेली आहे. तिच्यात वरच्या पोझिशन आहेत, विवाल्डीने न लिहिलेल्या सुरांच्या जोडण्या आहेत. वाईट नाही, माझेही विद्यार्थी ती वाजवतात. पण तुमच्यासाठी मी आधी मूळ पाठ सुचवेन. आयएमएसएलपी या संकेतस्थळावर या संचाच्या जुन्या प्रती मोफत मिळतात, त्यात बेसची ओळही असते. एका गजात बांधलेले सूर कमी असल्यामुळे गजाचा तर्क तिथे जास्त स्वच्छ दिसतो.

किती महिने? नोकरी सांभाळून रोज तासभर देत असाल, उभं राहून वाजवणं नवं असेल, तर पहिला भाग पेटीच्या साथीवर नीट वाजवायला सहा ते आठ महिने धरा. आठवड्याला शिक्षक समोर असेल तर थोडे कमी. तीन महिन्यांत फक्त सूर होतील.

रागदारीचा हात बिघडेल का, या तुमच्या काळजीला मी हलकं समजत नाही. डाव्या हाताला काही होत नाही, मींड आणि गमक इतक्या सहज जात नाहीत. काही आठवडे फरक पडतो तो गजात. तुकड्या-तुकड्यांची सवय लागली की लांब गज थरथरतो. म्हणून सकाळी आधी खर्जाचा आणि लांब गजाचा रियाज, विवाल्डी संध्याकाळी. मध्ये काही तासांची फट राहू द्या. आणि कॉन्चेर्टो वाजवताना प्रत्येक सुरावर व्हायब्रॅटो (बोट हलवून सूर थरथरवणं) किंवा आंदोलन घालू नका. त्या काळी ते अलंकारासारखं, निवडक लांब सुरांवर वापरायचे.

लार्गोबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. संथ आहे, सुरांची संख्या कमी, म्हणून रागदारीवाले आधी तिकडे धावतात. तो शेवटी घ्या. इटालियन संथ भाग त्या काळी लिहिल्याप्रमाणे वाजवतच नसत, वादक स्वतःचे अलंकार भरत. इटालियन व्हायोलिनवादक-संगीतकार कोरेल्लीच्या सोनाटांची अलंकारांसकट लिहिलेली आवृत्ती १७१० साली अ‍ॅम्स्टरडॅमच्याच रॉजेर या प्रकाशकाने काढली, आणि पुढच्याच वर्षी विवाल्डीचा हा संचही त्यानेच छापला. म्हणजे तुमच्यासारख्या वादकाला तिथे खरोखर वाव आहे. पण प्रत्येक हरकत खालच्या बेसला विचारून घ्यावी लागते. उदाहरणार्थ, ए वर विसावण्याआधी बी वर जो ट्रिल, म्हणजे शेजारच्या दोन सुरांची जलद अदलाबदल, येतो तो वरच्या सी पासून सुरू करा. बेसमध्ये ई असतो, सी त्याला टोचतो, बी वर आला की टोच निघते आणि मग ए वर विसावा मिळतो. पेटीवर ई धरून हे एवढंच वाजवून बघा. हा एक ट्रिल बेस ऐकत वाजवता यायला लागला की लार्गो उघडायला हरकत नाही.

तुमची सध्याची जुळवणी, सा कुठल्या पट्टीत ठेवता आणि घोडीचा बाजूने काढलेला एक फोटो एवढं कळवलंत, तर तारांचा कोणता संच घ्यावा आणि घोडी बदलावी लागेल का ते नेमकं सांगता येईल.